नागपूरहून लिबर्टीपर्यंत

नागपूर आणि मुंबई यांचे नाते १९५३ च्या नागपूर कराराने कागदावर आले, आणि पुढेही ते बहुतांशी कागदोपत्रीच राहिले. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या राजधानीचा मान गमावलेल्या आमच्या शहरात वर्षातून एकदा, हिवाळ्यात, मुंबईचे सरकार आपली दफ्तरे, कारकून आणि मोटारींचा ताफा घेऊन उतरते, मोर्च्यांची निवेदने स्वीकारते आणि माघारी फिरते. उलट, नागपूरकर मुंबईस जातो तो मंत्रालयात अडकलेले प्रकरण हलविण्यासाठी, टाटा इस्पितळात कोणाला दाखविण्यासाठी, किंवा नोकरीच्या शोधात. याखेरीज आणखी एक नागपूरकर कित्येक वर्षांपासून रात्रीच्या गाडीने मुंबईस जात आला आहे, ज्याच्या प्रयाणाचे खरे कारण फलाटावर पोहोचवायला आलेल्या आईबापांनाही ठाऊक नसते. पुरुष असून पुरुषावर किंवा स्त्री असून स्त्रीवर मन जडले, आणि ते मन घरात कोणापाशी उघडे करता येईना, म्हणून मुंबईच्या गर्दीत आसरा शोधणारी ही माणसे. मी स्वतः त्यांच्यापैकीच. परंतु मी गेलो नाही. धरमपेठेतील वडिलार्जित घर आणि महाविद्यालयातील मराठीची अध्यापकी यांनी मला इथेच बांधून ठेवले. म्हणूनच २०१९ च्या जूनमध्ये ‘कशिश’ या चित्रपट-महोत्सवासाठी, म्हणजे आमच्यासारख्यांच्या आयुष्यावरील चित्रपट पाहण्यासाठी, मी मित्रमंडळींसह उघडपणे मुंबईच्या गाडीत बसलो, ही गोष्ट मला माझ्या आयुष्यातील मोठ्या गोष्टींपैकी एक वाटते.

आमच्या मंडळीत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे वकिली करणारा माझा जुना मित्र होता. प्रतापनगरात एकत्र बिऱ्हाड करून राहणाऱ्या, शेजाऱ्यांच्या लेखी निव्वळ मैत्रिणी असलेल्या दोघीजणी होत्या, एक शाळेत शिकवणारी व दुसरी बँकेतली. आणि ज्यांच्या येण्याने या प्रवासाचे स्वरूपच पालटले त्या वकील मित्राच्या आई, महाल भागातल्या आमच्या काकू. सत्तरी ओलांडलेल्या या बाईंनी आपल्या मुलाचे सत्य फार पूर्वीच ऐकून घेतले होते, परंतु त्यावर घरात पुन्हा कधी चर्चा झाली नव्हती. महोत्सवाची वार्ता त्यांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “आया चालतात का तिथे?” आणि चालतात असे कळताच पुऱ्यांची कणीक भिजवायला घेतली.

त्या वर्षी मृग लागला तरी पावसाचा पत्ता नव्हता. मेअखेर पारा सत्तेचाळीस अंशांच्या पलीकडे गेलेला, आणि जूनमध्येही सायंकाळच्या फलाटावरील लोखंडी बाकाला हात लाववत नव्हता. गाडी अजनी सोडून वर्ध्याच्या वाटेला लागली तेव्हा दोन्ही बाजूंस नांगरून, वखरून सज्ज केलेली काळी भुई भेगाळून पडली होती. पेरणीसाठी सरकी घरात आणून ठेवलेला शेतकरी आभाळाकडे पाहत बांधावर उभा होता. पुलगावनजीक वर्धा नदीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसली. काकूंनी डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या, कैरीचा तक्कू आणि दुपारी उन्हाच्या तडाख्यात बसून तळलेली पुडाची वडी. आणि नागपुरी रिवाजाप्रमाणे डबा उघडताच समोरच्या बाकावरील अनोळखी प्रवाशांच्या हातांवरही एकेक वडी गेलीच.

विदर्भात अन्न पुढे केले की त्याच्या मागोमाग प्रश्न येतात. कुठले, कोणाचे, कशासाठी चालला, घरी कोण कोण, मुलाचे लग्न झाले का. यात आगंतुकपणा कोणी मानत नाही, किंबहुना न विचारणे हाच उर्मटपणा समजला जातो. बडनेऱ्यास चढलेले, कापसाच्या व्यापारातले एक गृहस्थ वडी खाता खाता काकूंना म्हणाले, “लग्नाले चालल्या का जी मुंबईले?”

“लग्न कुठलं बापा,” काकू म्हणाल्या, “सिनेमे पाहायला चाललो.”

“सिनेमे? ते तर नागपुरातबी लागतात.”

“हे नाही लागत. माझ्या पोरासारख्या पोरांचे आहेत. त्याला बायको नको, त्याला पुरुषच आवडतो. तशांचे सिनेमे.”

डब्यातील पंख्याची घरघर एकाएकी मोठी वाटू लागली. माझा मित्र, जो न्यायासनापुढे तासन्‌तास अस्खलित बोलतो, तो खिडकीबाहेर पाहू लागला. बँकेतल्या मैत्रिणीने पुऱ्यांचे झाकण उगाचच लावले आणि पुन्हा काढले. गृहस्थांनी हातरुमालाने बोटे पुसली, बराच वेळ पुसली, आणि अखेर विचारले, “मंग तुमचं काय म्हननं हाय?”

“माझं काय म्हणणं राहणार? पोरगं माझंच आहे ना.”

त्यावर ते काही बोलले नाहीत. शेगावला फेरीवाले डब्यात आले तेव्हा त्यांनी आम्हा सर्वांसाठी कचोऱ्या घेतल्या, पैसे देऊ दिले नाहीत, आणि द्रोण हाती देताना, जणू मधला तासदीड तास गेलाच नव्हता अशा सुरात म्हणाले, “आमचे एक काका होते. लग्न केलं नाही. वावरातच राहत, एका सोबत्यासंगं. तीस वर्षं राहिले. गावात कोनी काही इचारलं नाही.” थोडे थांबून ते पुन्हा म्हणाले, “आमीबी नाही इचारलं.” मग चादर ओढून ते वरच्या फळीवर निजले.

मी मात्र भुसावळ मागे पडेपर्यंत जागा होतो. ज्या मुलखात अनोळख्यालाही सात प्रश्न विचारल्याशिवाय पाणी दिले जात नाही, त्या मुलखात एका माणसास तीस वर्षे त्याच्या जिवाभावाच्या गोष्टीविषयी कोणी एक प्रश्न विचारला नाही. आणि गावाने ते सौजन्य समजून केले असेल, हेही मी मानतो. परंतु तो सोबती वारला असेल तेव्हा त्या काकांच्या दारी कोणी सांत्वनाला आले असेल काय, आणि आले असल्यास काय बोलले असेल?

पहाटे इगतपुरी आली आणि हवा पालटली. कसाऱ्याच्या घाटात गाडी बोगद्यांमागून बोगदे ओलांडीत उतरू लागली. वऱ्हाडच्या भाजलेल्या सपाटीनंतर ते खोल दरीतले गर्द रान, कड्यांना अडकलेले ढग आणि दमट वारा यांनी सर्वांनाच तरतरी आली. त्या दिवसांत अरबी समुद्रात ‘वायू’ नावाचे चक्रीवादळ किनाऱ्यास समांतर गुजरातकडे सरकत होते, त्याची चाहूल कल्याणपासूनच लागली.

शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरल्यापासून धोबीतलावापर्यंत आम्हांस एकाही मनुष्याने एकही प्रश्न विचारला नाही. गर्दी आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती. कोणाचा धक्का लागला तर त्यात राग नव्हता, कोणी वाट दिली तर त्यात अगत्य नव्हते. मेट्रो चित्रगृहासमोर १९०४ पासून चालत आलेल्या कयानीच्या इराणी उपाहारगृहात आम्ही न्याहारीस बसलो. चौकटीच्या कापडावर काच घातलेली मेजे, बरण्यांतली बिस्किटे, बाहेरून कडक आणि आतून मऊ असा ब्रून, त्यावर लोण्याचा जाड थर, आणि गोडमिट्ट चहा. काकूंना मावा केक पसंत पडला. तरी तर्रीशिवाय सकाळ कशी साजरी होते, हे कोडे त्यांना सुटेना. शेजारच्या मेजावर दोन तरुण एकाच बशीतून खात होते, त्यांतल्या एकाने दुसऱ्याच्या ओठाला लागलेला लोण्याचा कण अंगठ्याने पुसला, आणि वाढप्यापासून गल्ल्यावरच्या वृद्धापर्यंत कोणी मान वळवली नाही. आमच्या दोघी मैत्रिणी मात्र तिकडे पाहतच राहिल्या.

हेच मुंबईचे दान आहे, आणि त्याची किंमत मी कमी करणार नाही. इथे कोणी विचारत नाही, या एका आधारावर कित्येक जीव वाचले आहेत. १९९० साली अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले, १९९४ साली हमसफर ट्रस्ट उभा राहिला, १९९६ साली रियाद वाडिया यांनी ‘बॉमगे’ हा लघुपट केला, ते याच शहरात. परंतु न विचारण्यालाही सीमा असते. १९९८ च्या डिसेंबरात दोन स्त्रियांच्या प्रेमाची कथा सांगणाऱ्या ‘फायर’चे खेळ चालू असताना गोरेगावच्या चित्रगृहाच्या काचा फोडल्या गेल्या, त्याही याच शहरात, आणि ‘गुलाबी आईना’ या श्रीधर रंगायन यांच्या चित्रपटाला २००३ साली परीक्षण मंडळाने प्रमाणपत्र नाकारले. ज्या माणसाच्या चित्रपटाला प्रमाणपत्र मिळाले नाही त्यानेच २०१० साली सरकारी परवानगी रीतसर घेऊन, नेहमीच्या चित्रगृहात, तिकीटघराच्या खिडकीसमोर लोकांना उभे करून हा महोत्सव सुरू केला. सॅन फ्रान्सिस्कोत असा महोत्सव १९७७ पासून भरतो. आपल्याकडे तो इतक्या उशिरा आला आणि तरीही टिकला, याचे श्रेय त्या चिकाटीला आहे.

लिबर्टी चित्रगृह मरीन लाइन्सवर, बॉम्बे हॉस्पिटलच्या शेजारी आहे. हबीब हुसेन यांनी देशाच्या स्वातंत्र्याची खूण म्हणून त्याला हे नाव दिले आणि १९४९ साली मेहबूब खानांच्या ‘अंदाज’ने त्याचा पडदा उघडला. आतील सजावट वामन नामजोशी या मराठी कलावंताची. जयपूरचे राजमंदिर हीही त्यांचीच निर्मिती. दारातून आत शिरताच पाऊल मंदावते. सागवानी लाकडाने मढवलेल्या भिंती, गोलाईने वर गेलेला जिना, पितळी कठडे, आणि प्रेक्षागारात पडद्याच्या दोहों बाजूंस कारंज्याच्या उसळत्या धारांची आठवण करून देणारी नक्षी. काकू पहिल्या पायरीवरच थबकल्या. याच पडद्यावर ‘मदर इंडिया’ पहिल्यांदा झळकला आणि ‘हम आपके हैं कौन’ शंभराहून अधिक आठवडे चालला, असे मी सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “तो तर मी नागपुरात तीनदा पाहिला. किती लग्नं त्यात!” आणि मग हळूच मुलाच्या बाहीवरची नसलेली धूळ झटकली.

डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा मानणारे ३७७ वे कलम कायम ठेवून आम्हांस पुन्हा गुन्हेगार ठरविले, आणि त्यानंतरच्याच मे महिन्यात या महोत्सवाने छोट्या सभागृहांतून बाहेर पडून बाराशे आसनांचे हे लिबर्टी घेतले. हुकूम विरुद्ध गेला असता माणसे दार लावून बसतात; यांनी मोठे दार उघडले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने सज्ञान व्यक्तींचा परस्परसंमतीचा संबंध त्या कलमातून वगळला, त्यानंतरचा हा पहिला महोत्सव, आणि महोत्सवाचे दहावे वर्ष. प्रवेशदालनात काठापदराची साडी नेसून, नाकात नथ घालून आलेला एक तरुण होता, पांढऱ्या केसांचे, एकमेकांचा हात धरून जिना चढणारे दोन वृद्ध गृहस्थ होते, झोळ्या अडकवलेले विद्यार्थी होते, आणि पुष्कळसे अगदी साधे, कचेरीतून परस्पर आलेले लोक होते. त्या वृद्धांना मी उगाचच नमस्कार केला. त्यांनी तो ओळखीचा असल्यासारखा परत केला.

देशोदेशीचे चित्रपट पाहिले. त्यांपैकी कित्येक चांगले होते, काही केवळ सदिच्छेने केलेले होते. पण मला सांगायचे आहे ते रोहन कानवडे यांच्या ‘उ उषाचा’ या मराठी लघुपटाविषयी. महोत्सवानेच दिलेल्या अनुदानातून तो तयार झाला होता. शेतमजुरी करून मुले वाढवणारी निरक्षर उषा, गावच्या प्राथमिक शाळेतील शिक्षिकेकडे तिचे ओढले जाणारे मन, आणि त्या ओढीतून अक्षरे शिकण्याची जागी झालेली इच्छा, एवढेच कथानक. पडद्यावर पहिले मराठी वाक्य उच्चारले गेले आणि आमची रांग पुढे सरसावून बसली. इतरेजन खालची इंग्रजी ओळ वाचत होते; आम्हांस काहीच वाचायचे नव्हते. शाळेत शिकवणारी आमची मैत्रीण दोन्ही हात तोंडावर धरून पाहत होती. काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “अरे, ही तर आपल्याकडली बाई आहे.”

मराठीला हा विषय अपरिचित होता असे नव्हे. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकाने १९८१ साली, रोहिणी हट्टंगडींच्या रूपाने, स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री रंगमंचाच्या मध्यभागी आणली, पुढच्याच वर्षी ‘उंबरठा’ या चित्रपटात आश्रमातील दोन मुलींचा प्रसंग आला. तेंडुलकरांच्या धैर्याविषयी मला नितांत आदर आहे. पण मित्राची गोष्ट शोकान्त झाली, आणि आश्रमातल्या त्या मुली इतरांपुढील एक समस्या म्हणूनच राहिल्या. आमच्या तरुणपणी आम्हांस जी काही रूपे पाहायला मिळाली ती सगळी अशीच, विनाशाच्या वाटेवरची. उषा मरत नाही. ती पाटीवर अक्षर काढते. एवढी साधी गोष्ट पाहण्यासाठी मला माझी पन्नाशी उलटावी लागली आणि साडेआठशे किलोमीटर यावे लागले, हे मला त्या अंधारात फार लागले.

मध्यंतरात प्रवेशदालनात काकू बाकावर टेकल्या होत्या. जवळच साधारण त्यांच्याच वयाच्या, जरीकाठी साडीतल्या एक बाई बसल्या होत्या. अशा मुलामुलींच्या आईवडिलांनी मुंबईत ‘स्वीकार’ नावाचे मंडळ चालविले आहे. त्या मंडळात त्या जात असत, हे नंतर कळले. त्यांनी काकूंकडे वळून, लग्नमंडपात वरपक्ष की वधूपक्ष असे विचारावे तितक्या सहजतेने विचारले, “तुमचा मुलगा, की मुलगी?”

“मुलगा,” काकू म्हणाल्या. “तो निळ्या सदऱ्यातला. वकील आहे.”

“माझी मुलगी. ती तिथे तिकिटं फाडतेय ती. जेवते का वेळेवर तुमचा? हिचं काही खरं नाही.”

पुढे त्या दोघी काय बोलल्या हे सर्व मला ऐकू आले नाही. सांधेदुखी, जावयांच्या नोकऱ्या आणि मुंबईतले भाज्यांचे भाव एवढे शब्द कानी पडले. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा होतो. नागपूर मला आयुष्यभर विचारीत आले आणि मी उत्तर चुकवीत आलो. मुंबईने कधी विचारलेच नसते. इथे मात्र कोणीतरी विचारले होते, आपल्या वऱ्हाडी अगत्याने विचारावे तसेच, आणि काकूंनी खरे उत्तर दिले होते, आणि त्यानंतर गोष्ट भाज्यांच्या भावांवर गेली होती. माझा मित्र दुरून आईकडे पाहत होता. त्याने चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवून दिला.

सायंकाळी आम्ही मरीन ड्राइव्हवर गेलो. वादळाच्या वाऱ्याने समुद्र खवळला होता, कठड्यावर आदळून लाटा रस्त्यावर येत होत्या आणि पोलीस शिट्ट्या वाजवून लोकांना मागे सारीत होते. तरीही जोडपी होतीच, शहराकडे पाठ आणि सागराकडे तोंड करून बसलेली. आमच्या फुटाळा तलावाच्या काठावरही सायंकाळी जोडपी बसतात. मात्र तिथे ओळखीचा स्कूटरवाला दर पाच मिनिटांनी जातो, आणि आमच्या दोघी मैत्रिणी तिथे दोघींमध्ये पर्स ठेवून बसतात. इथे पर्स बँकवालीच्या मांडीवर होती. त्यांच्या मागे काकू उभ्या होत्या आणि वाऱ्याने उडणारा पदर सावरीत “भिजाल गं पोरींनो, मागे सरका” असे म्हणत होत्या.

या गोष्टीला आता वर्षे झाली. त्याच रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातील सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. तो मान मिळविणारा तो पहिला मराठी चित्रपट. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी गेलेला मुंबईचा तरुण, लग्न टाळणारा त्याचा गावाकडचा मित्र, आणि लग्न कधी करणार असे पुनःपुन्हा विचारणारे नातलग. पाहताना मला शेगावच्या कचोऱ्या देणाऱ्या गृहस्थांच्या काकांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. नागपुरातही काळ थांबलेला नाही. सारथी ट्रस्टच्या मंडळींनी २०१६ साली संविधान चौकातून पहिली अभिमान-यात्रा काढली, आणि पुढे दोन डॉक्टर तरुणींनी याच शहरात आप्तांच्या साक्षीने एकमेकींच्या बोटांत अंगठ्या घातल्या.

तेव्हा नागपूरच्या चित्रपट-मंडळांच्या चालकांना आणि सभागृहांच्या व्यवस्थापकांना माझी विनंती आहे. रेशीमबागेत सुरेश भट सभागृह आहे, सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृह आहे. वर्षातला एक दिवस या चित्रपटांसाठी राखून ठेवा आणि त्याची जाहिरात वर्तमानपत्रात उघडपणे द्या. मराठीतच दाखवण्यासारखे आता पुरेसे आहे. आणि वाचकहो, तो दिवस ठरला की एकटे येऊ नका, आईवडिलांना घेऊन या. काकूंनी पहिल्या रांगेतली खुर्ची आत्तापासूनच मागून ठेवली आहे.